वायटोमोच्या अंधारात तीन दिवस

पहिला दिवस

नोकरीतली बावीस वर्षं मी डोंगराच्या पोटात काढली. कोयना प्रकल्पाचं, पोफळीचं भूमिगत वीजघर. सकाळी बोगद्यातून आत जायचं, संध्याकाळी बाहेर यायचं. दिवसभर ऊन होतं की पाऊस, ते बाहेर आल्यावर भिजलेल्या रस्त्यावरून कळायचं. त्यामुळे मुलगी न्यूझीलंडहून फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही हॅमिल्टनला आलात की आपण गुहा बघायला जाऊ," तेव्हा मी नुसतं बरं म्हटलं. गुहेचं अप्रूप मला काय सांगता!

"पण आत दिवे लावत नाहीत, बाबा. मुद्दाम."

हे मात्र नवीन होतं. आमच्याकडे आतला दिवा गेला की पाच मिनिटांत दहा फोन वाजायचे.

निघालो तो दिवस २५ एप्रिल, म्हणजे इथला अँझॅक डे. पहिल्या महायुद्धातल्या गॅलिपोलीच्या लढाईत गेलेल्या सैनिकांचा स्मरणदिन. लोकांच्या कोटावर लाल कागदी खसखशीची फुलं आणि गावोगावची बहुतेक दुकानं दुपारी एकपर्यंत बंद. कायदाच आहे तसा. जावईबापूंच्या ते लक्षातच राहिलं नव्हतं, "वाटेत कॉफी घेऊ" म्हणत ते तीन गावं मागे टाकत आले. शेवटी ओटोरोहांगाला एका बाकावर बसून हिनं डबा उघडला. तिखटामिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं. समोरून जाणाऱ्या आजीबाईंनी थांबून वास घेतला आणि हसून पुढे गेल्या. आठ हजार मैलांवर आलं तरी पुरीचा वास लपत नाही.

ओटोरोहांगाला किवी पक्ष्यांचं घर आहे, १९७१पासूनचं. किवी निशाचर. मग माणसांनी बघायचा कसा? तर आत दिवसरात्र उलटी केली आहे. रात्री लख्ख दिवे लावून किवींना झोपवतात आणि दिवसा मंद उजेडात त्यांची रात्र चालू होते. आम्ही आत गेलो तेव्हा त्यांची रात्रपाळी सुरू होती. कोंबडीएवढा पक्षी, पंख नावाला, लांब चोच पालापाचोळ्यात खुपसून हुंगत चाललेला. त्याच्या नाकपुड्या चोचीच्या टोकाला असतात. सात वर्षांची नात काचेला नाक लावून म्हणाली, "आजोबा, हा पण तुमच्यासारखा शिफ्टला जातो."

तिथून वायटोमो पंधरा-सोळा किलोमीटर. रस्ता मुख्य मार्ग सोडून आत वळला की जमीनच बदलते. हिरव्या टेकड्या, त्यावर मेंढ्या आणि मधूनमधून गवतातून वर आलेले पांढुरके खडक, जुन्या भांड्याची कल्हई उडाल्यासारखे. शेताच्या मध्येच कुंपण घातलेले खोल खड्डे दिसतात. खाली गुहा असते, वरचं छत खचतं आणि खड्डा पडतो. माओरी, म्हणजे इथले मूळ रहिवासी, त्यांच्या भाषेत त्याला 'टोमो' म्हणतात. 'वाय' म्हणजे पाणी. पाणी जिथं जमिनीत शिरतं ती जागा म्हणजे वायटोमो.

मला खडकाची ओळख काळ्या कातळापासूनची. लाव्हारसाचा, घणाला दाद न देणारा आपला सह्याद्री. त्यात पाण्यानं अशा गुहा होत नाहीत, माणसानं छिन्नीनं खोदावं लागतं. म्हणून आपल्याकडे लेणी. इथला दगड चुनखडीचा, म्हणजे समुद्रतळाशी साचलेले शंख, शिंपले, प्रवाळ, माशांचे सांगाडे, सगळं दाबून घट्ट झालेलं. वय साधारण तीन कोटी वर्षं. आपला कातळ साडेसहा कोटींचा, तेव्हा नात्यानं हा धाकटा. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि भेगांत शिरून हा दगड विरघळवत राहतं.

"म्हणजे पानाला लावतो तोच चुना?" हिनं विचारलं.

"तोच. फक्त भाजून विझवलेला नाही."

"मग तंबाखूवाल्यांना सांगू नका."

सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळला. मुलीनं आम्हाला जॅकेटं, टोप्या, डोक्याला बांधायचे टॉर्च असं सगळं चढवलं आणि रुआकुरीच्या जंगलवाटेवर नेलं. ही वाट फुकट आहे. ओढ्याच्या काठानं, नेच्यांच्या झाडांतून, लाकडी पुलांवरून, एका छोट्या बोगद्यातून जाणारी, अर्ध्या-पाऊण तासाची. अंधार पुरता झाल्यावर ती म्हणाली, "आता सगळे टॉर्च बंद."

बंद केले. काहीच दिसेना. ओढ्याचा आवाज एकदम मोठा झाला. हिनं माझी बाही धरली. मिनिटभरानं वाटेशेजारच्या चिखलाच्या दरडीत एक ठिपका दिसला. मग तीन. मग बघता बघता दरड भरून गेली. निळसर-हिरवे, टाचणीच्या डोक्याएवढे, न लुकलुकणारे.

"काजवे!" ही म्हणाली.

तसं वाटणं साहजिक आहे. मे संपता संपता भंडारदऱ्याला हिरड्या-बेहड्याच्या झाडांवर काजव्यांची जी उघडझाप चालते ती आम्ही दोघांनी पाहिली आहे. पण काजवा हा भुंग्याच्या जातीतला, उडणारा, आणि त्याची उघडझाप म्हणजे जोडीदाराला घातलेली शीळ. हे प्रकरण वेगळं. ही एका चिलटासारख्या माशीची अळी आहे, शास्त्रीय नाव अ‍ॅराक्नोकॅम्पा ल्युमिनोसा, आणि ती न्यूझीलंडबाहेर कुठंच सापडत नाही. ती शीळ घालत नाही. ती गळ टाकून बसलेली असते.

पण हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या रात्री नातीनं विचारलं, "हे उडत का नाहीत?" आणि मी "थंडी आहे ना" असं काहीतरी ठोकून दिलं.

दुसरा दिवस

रात्रभर पाऊस. सकाळी मुलगी फोनवर हवामान बघत बसलेली, कारण ओढ्याचं पाणी चढलं तर गुहेतली होडी बंद ठेवतात. नऊनंतर पाऊस उघडला आणि होडी चालू असल्याचं कळलं.

गुहेच्या दाराशी २०१०मध्ये बांधलेलं स्वागतकेंद्र आहे. आधीचं २००५ साली आगीत गेलं. नवं छत म्हणजे लाकडाच्या वाकवलेल्या पट्ट्यांची मोठी कमानदार जाळी. माओरी लोक वाम मासा धरायला जो विणलेला पिंजरा लावतात, त्यावरून घेतलेला आकार. ट्रान्समिशनचे मनोरे बघून डोळे बनलेल्या माझ्यासारख्याला ती जाळी बघूनच पैसे वसूल वाटले.

आमची वाटाडी चाळिशीतली, दणकट बांध्याची माओरी बाई. तिनं सुरुवातीलाच सांगितलं की ती तिनोराऊंच्या घराण्यातली आहे. इथल्या बऱ्याच वाटाड्यांचं तसंच आहे.

ही हकिगत नीट सांगायला हवी. १८६३-६४मध्ये वैकाटोच्या लढाईत इंग्रजांनी माओरींच्या जमिनी घेतल्या. माओरी राजा तावहियाओ दक्षिणेकडे मानियापोतो या माओरी जमातीच्या आश्रयाला आला. पुढं जवळजवळ वीस वर्षं या मुलखात गोऱ्या माणसाला शिरकाव नव्हता. आजही याला किंग कंट्री म्हणतात ते त्यामुळं. १८८५मध्ये रेल्वेचं काम सुरू झालं आणि पाठोपाठ मोजणीदार आले. गावच्या माओरींना ही गुहा माहीत होतीच, पण आतवर कुणी गेलं नव्हतं. १८८७ साली इथले प्रमुख ताने तिनोराऊ आणि फ्रेड मेस नावाचा इंग्रज मोजणीदार फ्लॅक्स नावाच्या झुडपाच्या देठांचा तराफा बांधून, मेणबत्त्या घेऊन, ओढा जिथं जमिनीत शिरतो तिथून आत गेले. पुढच्या फेऱ्यांत तिनोराऊंना वरच्या बाजूनं दुसरं तोंड सापडलं. आज आपण आत जातो ते तेच.

१८८९मध्ये तिनोराऊंनी गुहा लोकांसाठी उघडली. ते आणि त्यांच्या पत्नी हुती थोडी फी घेऊन पाहुण्यांना स्वतः फिरवायचे. धंदा नीट बसला आणि १९०६मध्ये सरकारनं गुहा ताब्यात घेतली. १९८९मध्ये ती जमीन आणि गुहा वारसांकडे परत आली, उत्पन्नात वाटा आणि कारभारात शब्द, दोन्हींसह.

वाटाडीनं हे सगळं तीन-चार वाक्यांत, आवाज न चढवता सांगितलं. मी मनात वजाबाकी केली. त्र्याऐंशी वर्षं. कोयनेच्या नोकरीत 'प्रकल्पग्रस्त' हा शब्द मी इतक्या फायलींवर वाचला आहे की त्याचा अर्थच बोथट झाला होता. इथं परत मिळालेल्या जागेच्या दारात उभी राहून कुणीतरी "या, सांभाळून, पायरी ओली आहे" म्हणत होतं.

आत फोन आणि कॅमेरे बंद, फोटो काढायचे नाहीत. पायऱ्या उतरत आम्ही लवणस्तंभांमधून निघालो. छतावरून थेंब पडताना चुन्याचा कण मागे ठेवतो. एक घन सेंटिमीटर साठायला शंभरेक वर्षं लागतात, असं तिनं सांगितलं. म्हणून हात लावायचा नाही. हाताच्या तेलकटपणानं पुढचा थेंब तिथं चिकटत नाही. एका ठिकाणी सोळा मीटर खोल उभा विवर आहे. चुनखडीत पाण्यानं वरून खाली पाडलेला, जणू विहीर.

मला मात्र भिंतीवरच्या यंत्रांत रस. हवेतला कार्बन डायऑक्साइड, तापमान, आर्द्रता सतत मोजतात. माणसं श्वास सोडतात, त्यातून हा वायू वाढतो, ओलसर भिंतीवर त्याचं सौम्य आम्ल होतं आणि ज्या पाण्यानं गुहा कोरली तेच काम आपला श्वास लवणस्तंभांवर करायला लागतो. म्हणून दहा लाख भागांत २४०० भाग ही मर्यादा. आकडा तिथवर जायला लागला की माणसं आत सोडणं कमी करायचं. मी वाटाडीला विचारलं, रीडिंग कुठं जातं, अलार्म कसा आहे. ही मागून कुजबुजली, "अहो, रिटायर झालात तुम्ही."

मग एक उंच दालन आलं, कॅथीड्रल म्हणतात त्याला, अठरा मीटर उंच. भिंती खडबडीत असल्यामुळे आवाज घुमत नाही, गोल होऊन परत येतो. न्यूझीलंडच्या मोठ्या ऑपेरा गायिका किरी ते कानावा इथं गायल्या आहेत. वाटाडी म्हणाली, कुणाला गायचं आहे का? आमच्या तुकडीत वीसेक जण होते. सगळे बुटांकडे बघायला लागले. नातीनं आजीचा पदर ओढला. जॅकेटाखालून दिसत होता तेवढा.

ही सातारच्या भजनी मंडळातली, पण एकटी कधी गात नाही. तिनं डोळे मिटले आणि तिच्या आईची जात्यावरची एक ओवी म्हटली. चार ओळी. तिच्या आवाजात खर आहे, वयानं आलेली. ती दगडानं काढून टाकली नाही, उलट दाखवली. शेवटचा स्वर थांबल्यावर थोडा वेळ कुणी हललं नाही. मग वाटाडीनं तिच्या भाषेत एक गाणं म्हटलं. तेही छोटंसं. आम्हाला ते समजलं नाही आणि तिला आमचं. तिनं हिला विचारलं, कशाचं गाणं? मुलीनं इंग्रजीत सांगितलं, बायका पहाटे दळताना म्हणतात. ती म्हणाली, "अंधारात?" मुलगी म्हणाली, "हो. दिवस उजाडायच्या आत."

पुढं खाली ओढ्याकाठी होडीचा धक्का. दिवे एकेक करून मागे राहिले. बोलायचं नाही, आवाज झाला तर अळ्या मंद होतात. सपाट तळाच्या होडीत आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो. इंजिन नाही, वल्हं नाही. वाटाडी डोक्यावरच्या दोऱ्या हातानं ओढत होडी पुढं नेते. होडी हलली ते कळलंच नाही, फक्त गालाला गार हवा लागली.

वर पाहिलं.

इथं उपमा द्यायचा मोह होतो आणि सगळेच चांदण्यांची देतात. मला नाही पटली. आकाशातल्या चांदण्यांना जागा असते, एकमेकींत अंतर असतं. हे दाट होतं, छताच्या फुगवट्याबरोबर वाकलेलं, कुठं कोपऱ्यात उतरलेलं आणि खाली पाण्यातही तेवढंच, त्यामुळे आपण वर आहोत की खाली ते समजेना. उजेड इतका की हिच्या चेहऱ्याची कड दिसत होती. बावीस वर्षं मेगावॅट मोजले, पण उजेड बघत बसलो होतो का कधी?

आणि नेमका तेव्हा मी हात वर केला. जावयानं वाढदिवसाला दिलेलं घड्याळ, मनगट उचललं की आपोआप उजळणारं, भक्कन पेटलं. वेळ, तारीख, पावलं, सगळं. होडीभर पांढरा उजेड. कुणीतरी जिभेनं 'च्‌' केलं. मी मनगट पोटाशी दाबलं, बटण सापडेना. नातीनं तिचा हात माझ्या घड्याळावर घट्ट ठेवला आणि बाहेर पडेपर्यंत काढला नाही.

होडी वळणावरून ओढ्याच्या मुखाशी आली, हिरवी झाडं, ऊन. डोळे चोळत उतरलो. मी वाटाडीची माफी मागितली. ती म्हणाली, रोज एक तरी असतोच.

दुपारी रुआकुरी गुहा. 'रुआ' म्हणजे बीळ, 'कुरी' म्हणजे कुत्रा. चार-पाचशे वर्षांपूर्वी पक्षी मारायला आलेल्या एका तरुणावर गुहेच्या तोंडाशी रानकुत्रे धावून आले, अशी कथा. जुनं तोंड हे पूर्वजांचं दफनस्थान आहे, त्यांच्या दृष्टीनं तपू, म्हणजे पाय ठेवायचा नाही अशी जागा. आपल्याकडे देवराईतली काटकीसुद्धा उचलत नाहीत, तसं काहीसं. १९०४पासून पर्यटक तिथूनच जात होते. १९८८मध्ये गुहा वादामुळे बंद झाली आणि २००५मध्ये उघडली ती जुन्या तोंडापासून लांब, डोंगरात नवी विहीर खणून. त्या विहिरीत गोल गोल उतरणारा उतार आहे, एकही पायरी नाही. हिचे गुडघे सकाळच्या पायऱ्यांनी बोलत होते, ते इथं गप्प बसले. पोफळीला बोगदा कुठून न्यायचा हे खडक आणि खर्च बघून ठरलं. मेलेल्या माणसांना वळसा घालून खणलेलं काम मी पहिल्यांदा पाहिलं.

खाली खोल ओढ्यातून टायरच्या ट्यूबवर बसून तरंगत जाणाऱ्या पोरांच्या किंकाळ्या येत होत्या. १९८७पासून तो खेळ इथं चालतो. जावईबापूंचा डोळा तिकडं होता. मुलीचा त्यांच्यावर.

इथल्या वाटाड्यानं अळी हातभर अंतरावरून दाखवली. काडेपेटीतल्या काडीएवढी, पारदर्शक, रेशमाच्या आडव्या नळीत पसरलेली. नळीपासून खाली लोंबणारे वीस-पंचवीस धागे, वीतभर लांब, आणि प्रत्येक धाग्यावर ठरावीक अंतरानं चिकट थेंब. टॉर्चचा तिरपा झोत पडला की थेंबन्‌ थेंब चमकतो.

"अगं बाई, मुंडावळ्या!" ही म्हणाली.

अगदी मुंडावळ्याच, पण नवरदेवाच्या मुळावर उठलेल्या. ओढ्याच्या चिखलातून निघालेली चिलटं वर उजेड बघून ते मोकळं आभाळ समजतात, उडतात आणि धाग्याला चिकटतात. अळी धागा तोंडानं गिळत गिळत वर ओढते. भूक जास्त तर उजेड जास्त. उजेड येतो शेपटीकडच्या भागातून, उत्सर्जनाच्या नळ्यांच्या टोकांतून. 'चमकत्या अळ्यांची गुहा' असं नाव दिलं असतं तर तिकीट कुणी काढलं असतं, असं वाटाड्या म्हणाला. अळीपण नऊएक महिने चालतं, मग कोश, मग माशी. आणि त्या माशीला खायला तोंडच नसतं. दोन-चार दिवसांत जोडीदार गाठायचा, अंडी घालायची, संपलं. आयुष्यभराचं खाणंपिणं बालपणीच उरकून ठेवलेलं.

माझ्या लक्षात राहिला तो हिशेब वेगळा. आपला जुना पिवळा दिवा घेतलेल्या विजेतली नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णतेत घालवायचा. या अळीचा उजेड थंड. मी बोट जवळ नेलं, वाटाड्यानं नम्रपणे बाजूला केलं.

तिसरी गुहा, अरानुई, राहिली. तिथं ओढा नाही, म्हणून चिलटं नाहीत, म्हणून अळ्याही नाहीत. १९१०मध्ये रुरुकू अरानुई नावाच्या माओरी माणसाच्या कुत्र्यानं रानडुकराचा पाठलाग करताना ती दाखवली. नातीला कुत्र्याची गोष्ट आवडली, गुहा नाही बघितली तरी चालेल म्हणाली. तसंही ती झोपली होती.

तिसरा दिवस

परतीआधी पश्चिमेकडे, मारोकोपाच्या रस्त्यानं. अरुंद, वळणावळणाचा, आंबोली घाटाची आठवण देणारा, फक्त समोरून एसटी येत नाही. सव्वीसएक किलोमीटरवर मांगापोहुए नावाचा नैसर्गिक पूल. लाकडी फळ्यांच्या वाटेनं घळीत शिरायचं आणि डोक्यावर सतरा मीटर उंच चुनखडीची दुहेरी कमान. कधीकाळी ही पूर्ण गुहा होती. छत कोसळलं, एवढाच तुकडा टिकला. कालच्या दोन गुहांचंही पुढंमागं हेच होणार. कमानीपलीकडे मेंढ्यांच्या कुरणात खडकातून ताटलीएवढे शिंपले बाहेर आलेत, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कालवांचे. नातीनं एकावर तळहात ठेवून बघितला. तिचा हात लहान ठरला.

कमानीच्या सावलीतल्या ओल्या कपारीत तिनंच धागे शोधून काढले. दिवसा उजेड नव्हता, नुसते धागे आणि थेंब, एकाला अडकलेलं चिलट. "आजोबा, याचा दिवा बंद आहे," ती म्हणाली आणि पटकन माझ्या मनगटाकडे बघितलं. घड्याळ मी गाडीतच ठेवून आलो होतो.

तिथून थोडं पुढं मारोकोपा धबधबा. झाडांतून दहा मिनिटं उतरलं की एकदम समोर. रात्रीच्या पावसानं भरलेला, रुंद, काळ्या खडकावरून कोसळणारा. तुषार चेहऱ्यावर. सगळे गप्प.

"पस्तीस मीटर हेड," मी म्हटलं. "आणि आजचा प्रवाह धरला तर..."

"अहो," ही म्हणाली, "इथं तरी टर्बाइन बसवू नका."